गोव्याच्या दमट हवेत जुना ज्युनो-106 दुरुस्त करून घेताना

रोलंड कंपनीचा ज्युनो-106 हा सिंथेसायझर मी 2024 च्या फेब्रुवारीत मडगावात विकत घेतला. तो सहाही व्हॉइससकट, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सहाही आवाजांसकट, नीट वाजायला लागला तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. मधल्या महिन्यांत जी माहिती शोधली ती जवळजवळ सगळी इंग्रजीत होती, आणि परदेशातली हवा, परदेशातला बाजार धरून लिहिलेली. अ‍ॅसिटोन म्हापशात कुठे मिळतं, परदेशातून मागवलेला सुटा भाग वाटेत थांबला तर कुठले कागद द्यायचे, पावसाळ्यात उघडं बोर्ड कसं सांभाळायचं, यातलं काही त्यात नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते आहे. गोव्यात कित्येक घरांत, जुन्या बँडवाल्यांच्या खोल्यांत अशी वाद्यं अजून पडून असणार. ती भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

मी फोंडा तालुक्यात राहते. शिकले हार्मोनियम. देवळांच्या उत्सवांत होणाऱ्या आणि स्पर्धेतल्या मराठी नाटकांना पार्श्वसंगीत देते. बरीच वर्षं लॅपटॉपवरून काम केलं, पण नाटक जिवंत असतं. नटाने आज विराम लांबवला की मलाही सूर तेवढा वेळ धरून ठेवावा लागतो, आणि धरलेला सूर नुसता सपाट राहून चालत नाही. तो त्याच क्षणी हाताने मिटवता, उघडता यायला हवा. ज्युनो-106 च्या माथ्यावर प्रत्येक कामाला एक स्वतंत्र स्लायडर आहे, मेनूत शिरावं लागत नाही. मला हे वाद्य हवं होतं ते त्यासाठी.

थोडी ओळख करून देते, म्हणजे पुढची दुरुस्ती कळेल. ज्युनो-106 बाजारात आला 1984 साली. त्याआधी 1982 मध्ये ज्युनो-6 आणि ज्युनो-60 आले होते. अनेक स्वर एकदम वाजवणारे, म्हणजे पॉलिफोनिक अ‍ॅनालॉग सिंथ त्याच्याही आधीपासून होते. 1978 चा प्रॉफेट-5 पाच व्हॉइसचा होता, 1981 चा ज्युपिटर-8 आठ व्हॉइसचा. पण ते फार महाग. ज्युनो त्या मानाने सामान्य वादकाच्या आवाक्यातला, आणि त्याचा सूर हलत नाही. जुन्या सिंथमधले ऑसिलेटर, म्हणजे सुराची लहर तयार करणारे भाग, तापमानाबरोबर चढत-उतरत असत. ज्युनोमध्ये ऑसिलेटरची कंपनसंख्या डिजिटल घड्याळावरून ठरते, लहर मात्र अ‍ॅनालॉगच असते. उकाड्यात, मंडपात, दिव्यांच्या झोताखाली वाजवणाऱ्याला हे किती मोलाचं आहे ते सांगायला नको.

यात सहा व्हॉइस आहेत, म्हणजे एका वेळी सहा पट्ट्या वाजतात. दाबलेल्या प्रत्येक पट्टीला स्वतःचा ऑसिलेटर, आवाजाची धार कमीजास्त करणारा स्वतःचा फिल्टर आणि आवाज लहानमोठा करणारा स्वतःचा व्हीसीए मिळतो. एकाच खोक्यात सहा छोटी वाद्यं आहेत असं समजा, आणि दुरुस्तीची सगळी गुरुकिल्ली त्यातच आहे.

मडगावचे एक निवृत्त वादक वाद्य विकणार असल्याचं जानेवारीत एका तियात्राच्या (गोव्यातल्या कोंकणी संगीतनाटकाच्या) बँडमधल्या मित्राकडून कळलं. अंकल ऐंशीच्या दशकात बहारीनमधल्या एका हॉटेलात वाजवायचे. तिथेच त्यांनी हा ज्युनो घेतला होता. परत आल्यावर लग्नं, फेस्तं, नाताळचे डान्स, सगळं याच वाद्यावर. आता बोटं साथ देत नाहीत म्हणाले. वाद्य सुरू करून देताना आधीच सांगून टाकलं, ‘‘बाय, वाजता, पूण सगळें वाजना.’’

आखाती देशातलं असल्यामुळे मागच्या लेबलवर 220-240 व्होल्ट होतं. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा हे आधी पाहा. जपानमधून आलेलं वाद्य 100 व्होल्टचं असतं. ते आपल्या सॉकेटला थेट लावलं तर संपलंच, त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो.

दुसरी तपासणी अशी: पोली 1 हे बटण लावून एकच पट्टी सावकाश पुन्हा पुन्हा दाबायची. या मोडमध्ये दर वेळी पुढचा व्हॉइस वाजतो आणि सहा झाले की पुन्हा पहिला येतो. एखादा व्हॉइस मेलेला असेल तर दर सहाव्या वेळी आवाज गळतो. इथे एक गळत होता, एक खरखरत होता आणि एक बाकीच्यांपेक्षा फारच तीक्ष्ण येत होता. कोरस मात्र दोन्ही चालू होते. कोरस 1 लावून अंकलनी एक साधा कॉर्ड धरला, त्यात ते खराब व्हॉइसही होते, तरी माझ्या अंगावर काटा आला. ज्युनोचा ऑसिलेटर व्हॉइसला एकच. पण त्याचा आवाज जो रुंद, पाण्यासारखा हलता वाटतो तो या कोरसमुळे. आत बकेट ब्रिगेड जातीच्या दोन चिप्स आहेत. त्या आवाजाला किंचित उशीर लावतात, तो उशीर कमीजास्त होत राहतो आणि डावा-उजवा आवाज वेगळा होतो.

किंमत 52,000 रुपयांवर ठरली. पैसे बँकेतून दिले. साध्या कागदावर पावती केली, तिच्यात मॉडेल, मागच्या पट्टीवरचा सिरियल नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या. अंकलनी जुनी बॅगेजची कस्टम पावतीही प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवली होती, तिची झेरॉक्स दिली. जुन्या परदेशी वाद्याला असे कागद असले की पुढे विकताना किंवा विमा काढताना प्रश्न येत नाहीत. मागून घ्यायला संकोच करू नका.

गाडीची मागची सीट पाडून, खाली गोधडी घालून वाद्य आडवं ठेवलं आणि बोरीच्या पुलावरून घरी आणलं. स्लायडरवर कशाचाही भार येऊ द्यायचा नाही, एवढंच पाहिलं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ज्युनोमध्ये 128 पॅच साठवता येतात, म्हणजे स्लायडरच्या जागांनुसार बसवलेले आवाज. ते टिकून राहतात आतल्या सीआर2032 या बटण सेलवर. हा सेल बोर्डाला सोल्डर केलेला असतो. तो संपला किंवा काढला की सगळे आवाज पुसले जातात. आणि या वाद्यात अंकलनी बसवलेले आवाज होते: मांडो ही गोव्यातली गाणी वाजवायचा अकॉर्डियनसारखा एक, लग्नात वधूवर आत येतानाचा ब्रास, नाताळच्या रात्रीचा ऑर्गन. बहारीनपासूनचं त्यांचं काम. दुरुस्तीला हात लावण्याआधी ते वाचवायचे असं मी ठरवलं.

त्या काळात पॅच कॅसेटवर उतरवून ठेवायचे, म्हणून मागे टेपसाठी जोडण्या आहेत. तिथून एक केबल लॅपटॉपच्या ऑडिओ इंटरफेसला लावली, सेव्ह दाबलं आणि जो किरकिरा आवाज आला तो कॉम्प्रेस न केलेल्या वेव्ह फाईलमध्ये रेकॉर्ड केला. एमपी3 करू नका, त्यात माहिती बिघडते. रेकॉर्डिंगची पातळी लाल दिव्यापर्यंत जाऊ द्यायची नाही. मग तीच फाईल परत वाद्याला ऐकवून व्हेरिफाय केलं. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या. हे होईपर्यंत माझ्या छातीत धडधडत होतं.

मार्चमध्ये नेमकं दुखणं शोधलं. की ट्रान्स्पोज बटण दाबून धरून वाद्य सुरू केलं की ते टेस्ट मोडमध्ये जातं आणि पट्टी दाबल्यावर कितवा व्हॉइस वाजतो आहे तो आकडा डिस्प्लेवर दिसतो. वही घेऊन बसले. 1, 4, 6 ठीक. 2 चा फिल्टर मिटतच नाही, म्हणून तो तीक्ष्ण. 3 पूर्ण मुका. 5 मध्ये खरखर, पट्टी सोडल्यावरही.

ज्युनो-106 चा हा जगभर माहीत असलेला आजार आहे. प्रत्येक व्हॉइसचा फिल्टर आणि व्हीसीए मिळून 80017ए नावाची एक उभी काळी चिप असते, अशा सहा. त्या चिपवर काळ्या रेझिनचा थर चढवलेला आहे. वर्षानुवर्षं तो थर ओल धरतो, त्यातून जिथे नको तिथे बारीक विद्युतप्रवाह गळायला लागतो, आणि चिप बिघडल्यासारखी वागते. आपल्या हवेत हे आणखी लवकर होणार हे उघड आहे. बऱ्याचदा आतले भाग शाबूत असतात, दोष असतो तो त्या थराचा. अ‍ॅसिटोनमध्ये चिप भिजवून थर काढला की पुष्कळ चिप्स पुन्हा चालतात. अगदीच गेलेल्या चिपला आता नव्याने बनवलेला पर्याय मिळतो, तो त्याच जागी बसतो.

एवढं कळलं, पण सोल्डरिंग मला स्वतःला करायचं नव्हतं. जुन्या बोर्डावरचे तांब्याचे पट्टे जास्त उष्णता लागली की उचकटतात. पणजी, मडगाव, वास्को इथे फोन केले. काहींनी आजची वाद्यंच बघतो म्हणून सांगितलं. मुंबईला न्यायचा विचार केला. कोकणकन्येने रात्रभरात पोचलं असतं. पण रेल्वेत डब्यात नेता येणारी पेटी जास्तीत जास्त 100 सेंटिमीटर लांब चालते, आणि एसी थ्री टायरमध्ये तर 55 सेंटिमीटरच. ज्युनो स्वतःच 99 सेंटिमीटरच्या वर आहे, पेटीत घातल्यावर तो ब्रेकव्हॅनमध्ये बुक करावा लागणार. सामानाच्या डब्यात तो आदळणार, या कल्पनेनेच तो बेत सोडला.

शेवटी म्हापशात एक काका भेटले. टीव्ही, रेडिओ, लाऊडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली आहे. सिंथ त्यांनी कधी उघडला नव्हता. मी तसं आधीच सांगितलं तर म्हणाले, ‘‘सर्किट आहे ना? कागद आण, बघू.’’ मला हे उत्तर आवडलं. सर्व्हिस मॅन्युअल पणजीत एथ्री कागदावर छापून घेतलं, कारण लहान कागदावर आकडे वाचता येत नाहीत. काकांनी ते आठवडाभर वाचलं आणि मगच वाद्य आणायला सांगितलं. वाद्य कळण्याआधीच घाई करणाऱ्या कारागिरापेक्षा, जुना पण सर्किट वाचणारा कारागीर शोधा. म्हापशाला जाणार असाल तर शुक्रवार टाळा, बाजारामुळे वाद्य घेऊन गाडी लावायला जागा मिळत नाही.

एप्रिलमध्ये काकांनी झाकण उघडलं. बाजूचे स्क्रू काढले की वरचा पूर्ण पॅनेल बिजागरीवर उघडतो, आतली बोर्डं समोर दिसतात. त्यांनी चिप्सना हातही लावला नाही. आधी पॉवर सप्लाय मोजला. अधिक 15, उणे 15 आणि 5 व्होल्ट येतात का ते पाहिलं. उणे बाजूचा प्रवाह स्वच्छ नव्हता, म्हणून सप्लायमधले मोठे कंडेन्सर बदलले. 650 रुपयांचे कंडेन्सर, पण त्यानंतर कोरसमागची घरघर लगेच कमी झाली. सप्लाय स्वच्छ नसेल तर बाकीचं निदान चुकतं, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते मला पटलं.

मग प्रश्न आला, तीनच चिप्स काढायच्या की सहा? चालू चिपला कशाला छेडायचं असं मला वाटत होतं. काका म्हणाले, ओल सहाही चिप्सना सारखीच लागली आहे, आज चालणाऱ्या पुढच्या पावसाळ्यात जातील, आणि तेव्हा पुन्हा सगळं उघडावं लागेल. सहाही काढल्या. डीसोल्डर पंपाने एकेक पाय मोकळा करत, मध्ये बोर्ड थंड होऊ देत. प्रत्येक चिपवर तिचा क्रमांक लिहिलेला कागद लावला. आणि रिकाम्या जागी आयसी बेस बसवले, म्हणजे पुढे चिप नुसती खेचून काढता यावी. हे बेस पुढे फार उपयोगी पडले.

अ‍ॅसिटोन मी म्हापशातच प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून घेतलं. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेची बरणी घ्या, बऱ्याच प्रकारचं प्लॅस्टिक त्यात विरघळतं. झाकण घट्ट लावून, स्वयंपाकघर आणि देवघर दोन्हीपासून दूर, उघड्या व्हरांड्यात ठेवा. पटकन पेट घेणारं रसायन आहे, जवळ निरांजन किंवा गॅस नको. एकेका चिपला वेगळी बरणी केली म्हणजे क्रमांक मिसळत नाहीत. थर दोन-तीन दिवसांत फुगून मऊ होतो. मग तो लाकडी काडीने अगदी हलक्या हाताने काढायचा. खाली बारीक भाग सोल्डर केलेले आहेत, ते निघाले तर चिप गेली. काही ठिकाणी थर सुटेना, तेव्हा ओढाताण न करता पुन्हा भिजवलं. हे काम मी स्वतः केलं, आणि मला ते करताना खूप शांत वाटलं. काळ्या थराखालून 1984 सालच्या कोणाच्या तरी हाताखालून गेलेली ती नाजूक पाटी उघडी होत होती.

मे महिन्याच्या उकाड्यात चिप्स आपोआप सुकल्या. काकांनी बेसमध्ये बसवल्या. 2 चा फिल्टर मिटायला लागला. 5 ची खरखर गेली. 3 मुकाच. इथे बेस कामाला आले: 3 ची चिप 1 च्या जागी आणि 1 ची 3 च्या जागी टाकून पाहिली. मुकेपणा चिपबरोबर सरकला. म्हणजे दोष चिपचाच. व्हॉइसला लहर पुरवणारी एमसी5534ए ही वेगळी चिप असते, ती दोन-दोन व्हॉइस सांभाळते. दोष तिचा असता तर 3 ची जागाच मुकी राहिली असती. अदलाबदल केल्याशिवाय परदेशातून काहीही मागवू नका.

जूनच्या सुरुवातीला एक नवी चिप आणि एक जादा, अशा दोन परदेशातून मागवल्या. टपालखर्च धरून 9,400 रुपये. आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागले, ते एरवी बंद असतात. बँक त्यावर वेगळा आकार लावते तोही हिशेबात धरा. मग पाऊस सुरू झाला आणि ट्रॅकिंगही एका जागी थांबलं. पाकीट मुंबईला कस्टम तपासणीत होतं.

जुलैत माझ्याकडून कागद मागवणारं पत्र आलं. पाकिटावरच्या सीएन22 या छोट्या फॉर्मवर पाठवणाऱ्याने फक्त ‘आयसी’ एवढंच लिहिलं होतं, त्यावरून वस्तू काय आणि कशासाठी ते कळण्यासारखं नव्हतं. मी दिलेले कागद हे: आधारची स्वतः साक्षांकित केलेली प्रत, विक्रेत्याचं इन्व्हॉइस, पैसे गेल्याचं दाखवणारं बँक स्टेटमेंटचं पान, आणि अर्ध्या पानाचं पत्र, की हे माझ्या स्वतःच्या 1984 सालच्या वाद्याचे सुटे भाग आहेत, दोन नग, विक्रीसाठी नाहीत. सोबत वाद्याचा फोटो आणि बोर्डावरच्या रिकाम्या बेसचा फोटो जोडला. फोटोंची मागणी नव्हती, पण वस्तू काय आहे ते एका नजरेत कळावं असं वाटलं. तुम्ही मागवाल तेव्हा विक्रेत्याला आधीच कळवा: फॉर्मवर ‘संगीतवाद्याचा सुटा भाग’, नग आणि खरी किंमत इंग्रजीत पूर्ण लिहा, इन्व्हॉइसची प्रत पाकिटाच्या बाहेर चिकटवा, आणि पत्त्यात पिनकोडबरोबर भारतातला मोबाईल नंबर द्या. किंमत कमी दाखवायला मात्र सांगू नका.

तो काळ अवघड गेला. पाऊस कोसळत होता, भिंतींना ओल आली होती, आणि वाद्य एक दात पडल्यासारखं पाच व्हॉइसवर बसून होतं. थर काढलेल्या चिप्स आता उघड्या होत्या, त्यामुळे मी जास्तच काळजी घेत होते. जुन्या घरांत पावसाळ्यात कपाटात छोटा बल्ब लावून ठेवतात, तशी सोय वाद्याच्या खोलीत केली. झाकणाच्या आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आणि त्यांचा रंग बदलला की तव्यावर तापवून पुन्हा वापरल्या. वाद्यावर प्लॅस्टिक घातलं नाही, आत घाम धरतो. सुती चादर बरी. आणि दर दोन-तीन दिवसांनी तासभर सुरू ठेवलं, आतल्या ट्रान्सफॉर्मरची ऊब ओल घालवते. वीज जाऊन परत येताना मात्र पिन काढून ठेवायची.

ऑगस्टच्या शेवटी पोस्टमन ड्युटीची चिठ्ठी घेऊन दारात आले. 2,950 रुपये भरले, पावती घेतली. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 7 सप्टेंबरला होती, घरात पाहुणे, माटोळी, आरत्या. चिप्स डब्यात तशाच राहिल्या. चवथीनंतर म्हापशाला गेले.

नवी चिप 3 च्या बेसमध्ये गेली आणि आवाज आला. पण काम तिथे संपत नाही. जुन्या पाच आणि नवी एक यांचा स्वभाव सारखा नसतो. एकच पट्टी सहा वेळा दाबली तर सहा वेगळ्या उजेडाचे आवाज येतात. प्रत्येक व्हॉइसला बोर्डावर स्वतःचे प्रीसेट, म्हणजे फिरवून जुळवायचे बारीक स्क्रू, आहेत: फिल्टर किती उघडावा, पट्टी वर गेली की किती उघडत जावा, रेझोनन्स (फिल्टरचा घुमारा) किती, व्हीसीएची खटखट कशी मारावी. ज्युनोचा रेझोनन्स पूर्ण वर नेला की फिल्टर स्वतःच शिट्टीसारखा सूर देतो. टेस्ट मोडमध्ये ती शिट्टी प्रत्येक व्हॉइसची काढायची आणि ट्यूनरवर एकसारखी जुळवायची. वाद्य आधी अर्धा-पाऊण तास तापू द्यायचं. काका प्रीसेट फिरवत होते, मी पट्टी दाबून ऐकत होते. ट्यूनरने दाखवलं तरी शेवटचा निर्णय कानाने केला. हार्मोनियमच्या सुरांवर घासलेला कान इथे कामी आला याचा मला फार आनंद झाला.

त्याच वेळी सेल बदलून त्या जागी सेलचा होल्डर बसवला. आता पुढच्या वेळी सोल्डरिंग नको. पट्ट्यांखालच्या रबरी संपर्कांना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, त्यामुळे दोनदा दाबल्यावर वाजणाऱ्या पट्ट्या सुधारल्या. स्लायडरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी थोडा फवारा, मग पंचवीसेक वेळा वरखाली. काकांनी सगळ्या कामाचे मिळून 7,500 रुपये घेतले. कंडेन्सर, अ‍ॅसिटोन, क्लीनर आणि बारीकसारीक धरून, चिप्स आणि ड्युटीसकट वरखर्च साधारण 22,000 रुपयांवर गेला, पेट्रोल वेगळं.

घरी आणून पॅच परत भरले. मागचा मेमरी प्रोटेक्ट स्विच बंद केल्याशिवाय वाद्य काही आत घेत नाही, हे लक्षात ठेवा. लॅपटॉपवरून ती वेव्ह फाईल वाजवली, लोड पूर्ण झालं, आणि अंकलचा ऑर्गन जिथल्या तिथे होता. लगेच मडगावला फोन लावला, फोन स्पीकरजवळ धरला आणि त्यांचे आवाज एकेक करून वाजवले. त्यांनी प्रत्येक आवाज कुठल्या गाण्यासाठी केला होता ते सांगितलं. ते मी वहीत पॅचच्या क्रमांकासमोर लिहून घेतलं आहे. ते 64 पॅच, ए गटातले, मी तसेच ठेवले. माझे आवाज बी गटात.

ऑक्टोबरमध्ये तालमी सुरू झाल्या. ज्युनोमध्ये एमआयडीआय, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी जोडायची सोय, आहे. हे मानक 1983 साली आलं, त्यासाठी इकुतारो काकेहाशी आणि डेव्ह स्मिथ यांना 2013 मध्ये ग्रॅमीचा तांत्रिक सन्मान मिळाला. त्यामुळे 1984 चं हे वाद्य आजच्या लॅपटॉपशी साध्या यूएसबी केबलच्या इंटरफेसमधून बोलतं. स्लायडर हलवला की ती हालचालही लॅपटॉपमध्ये नोंदली जाते. तालमीत केलेला फिल्टरचा चढउतार पुन्हा जसाच्या तसा ऐकता येतो, दिग्दर्शकाला दाखवता येतो. माझ्या कामात याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो आहे.

काय नाही तेही सांगते. पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज सारखाच येतो. ज्युनो-60 मधला अर्पेजिएटर, म्हणजे धरलेले सूर एकेक करून आपोआप वाजवणारी सोय, यात नाही. दोन्ही कोरस एकदम लावता येत नाहीत. एलएफओ, म्हणजे आवाजाला हळू कंप देणारा भाग, सहा व्हॉइसना मिळून एकच आहे. उलट एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: एचपीएफचा, म्हणजे खालचे सूर कमी करणाऱ्या फिल्टरचा, चार पायऱ्यांचा स्लायडर अगदी खाली, शून्यावर नेला की खालचे सूर उलट भरदार होतात. गंभीर प्रवेशाला मी तिथेच ठेवते, आणि सोबत एक सप्तक खालचा सूर देणारा सब ऑसिलेटर थोडासा वर. नट बोलायला लागला की एक पायरी वर. शब्द मोकळे होतात.

कोरसची सळसळ शांत प्रवेशात ऐकू येते. ती या चिप्सचीच आहे, काढायचा प्रयत्न केला नाही. जादा चिप सिलिका जेलसकट स्टीलच्या डब्यात, तिच्यावर तारीख घालून ठेवली आहे. मार्चमध्ये, पाऊस लागण्याच्या पुष्कळ आधी, काका एकदा सगळे प्रीसेट पुन्हा तपासणार आहेत, कारण उघड्या केलेल्या चिप्स पहिल्या वर्षात किती सरकतात ते त्यांनाही पाहायचं आहे. ज्यांच्याकडे असा ज्युनो आहे आणि जवळपास सर्किट वाचणारं कोणी नाही, त्यांनी तोवर एवढं करावं: पॅच फाईलमध्ये उतरवून घ्या, सेलचे व्होल्ट मोजा, आणि टेस्ट मोडमध्ये सहा व्हॉइसची यादी करून ठेवा.